नातलग टाळून जाणारा रस्ता

"सेजल, मला एक नकाशा काढून दे गो. त्यात समुद्र दिसायला हवा, नि नातेवाईक एक पन दिसता कामा नये."

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. महाडला दस्तुरी नाक्याजवळच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी रांग लागली होती, सर्व्हर सकाळपासून दोनदा बसला होता आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. खैरुनचाची रांगेच्या कडेने पुढे आली, काउंटरची फळी उचलून आत शिरली आणि माझ्याच खुर्चीत बसली. मी म्हटलं, चाची, संध्याकाळी ये, निवांत बघू. ती म्हणाली, संध्याकाळी मला बिरवाडीला जायचंय, आत्ताच बघू. पुढचा अर्धा तास मी लोकांचे फॉर्म उभ्याने भरले.

आमच्या गल्लीत मी रागीट म्हणूनच ओळखली जाते. दुकानात कुणी 'जरा घाई आहे' म्हटलं की मी त्याचा कागद तळाला टाकते. पण खैरुनचाचीपुढे माझी डाळ शिजत नाही. २०२१च्या पुरात सावित्रीचं पाणी आमच्या घराच्या पत्र्याला लागलं, तेव्हा गल्लीतली अकरा माणसं चाचीच्या वरच्या मजल्यावर जाऊन राहिली होती. कुणी कुठे झोपायचं, कुणी किती पाणी प्यायचं हे सगळं तिने ठरवून दिलं होतं. तांदूळ संपत आल्यावर माझी आई म्हणाली, आता कसं होणार? चाची म्हणाली, "कसं होनार म्हंजे? होनार." आणि झालं. तेव्हापासून तिने काही सांगितलं की मी आधी कुरकुरते आणि मग करते.

चाची आता साठीची आहे. बुटकी, भरलेली, चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली. तिचे मालक अजमलचाचा यांचे दोन ट्रक होते, इथल्या एमआयडीसीतून माल घेऊन जाणारे. गुडघे गेले तेव्हा त्यांनी ट्रक विकले आणि बिरवाडीला कंपनीतल्या कामगारांसाठी भाड्याच्या चार खोल्या बांधल्या. कागदावर मालक चाचा. पण रविवारी सकाळी ते परप्रांतीय पोरगे उठून खोल्या झाडून काढतात ते चाची येणार म्हणून. 'बघू', 'जमलं तर' हे शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. इन्शाअल्ला म्हणते, पण अशा आवाजात म्हणते की वाटावं, वरून सही होऊन कागद परत आलाय.

रांग ओसरल्यावर तिने मला काम नीट समजावून सांगितलं. तिचा एकुलता एक मुलगा जुनैद मे महिन्यात येणार होता.

जुनैद अकरा वर्षं दोह्याला आहे, एसी बसवणाऱ्या कंपनीत. दोन वर्षांनी एकदा चाळीस दिवसांची रजा मिळते. चाळीस दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. पण आमच्याकडच्या कोकणी मुसलमानांत गल्फहून आलेल्या माणसाची रजा त्याची नसते, ती सगळ्या खानदानाची असते. प्रत्येक घरी दावत. ज्या घरी जेवला नाही ते घर रुसतं, आणि ते रुसणं पुढच्या लग्नापर्यंत टिकतं. मागच्या रजेत जुनैद चौतीस घरी जेवला. उरलेल्या दिवसांत ती चौतीस घरं चाचीकडे येऊन जेवली. त्याची मुलगी मिस्बा तेव्हा तीन वर्षांची होती. जिथे जावं तिथे तिचे अब्बा बाहेर पुरुषांच्या बैठकीत आणि ती आत बायकांत, आपल्या आईच्या, शगुफ्ताच्या मांडीवर.

त्याच्या जायच्या दिवशी काय झालं ते मी स्वतः पाहिलं, कारण तिकिटाची प्रिंट द्यायला मीच गेले होते. मिस्बा दारापर्यंत आली. डोक्यावरची ओढणी सारखी केली, अदबीने सलाम केला आणि बापाला म्हणाली, "परत या हां आमच्याकडं."

सगळे हसले. चाची येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला निरोप देताना हेच म्हणते, पोरीने ते उचललं होतं. जुनैदही हसला. मग गाडीत बसला आणि गाडी गल्लीबाहेर जाईपर्यंत त्याने मान वर केली नाही. चाची मात्र तेव्हाही हसली नव्हती.

"ती रडली असती, त्याचे पाय धरून बसली असती, तरी मला बरं वाटलं असतं," ती मला दुकानात बसून म्हणाली. "माझ्याच घरात मी माझ्या लेकाला पाहुना केला गो. पोरीची काय चूक? ह्या टायमाला तसं होनार नाय."

तिने ठरवलं होतं ते असं. जुनैद आल्यावर पहिले चार दिवस कुणाकडे दावत नाही की कुणी घरी नाही. घरात राहिलं तर दार उघडं ठेवावं लागतं, म्हणून घरात राहायचंच नाही. गाडी करायची आणि समुद्राच्या कडेच्या रस्त्याने फिरायचं. जुनैद, शगुफ्ता, मिस्बा, चाचा आणि ती स्वतः, बाकी कुणी नाही. समुद्रच का, असं मी विचारलं. शगुफ्ताने तिला फोनवर व्हिडिओ दाखवला होता, डोंगरावरून रस्ता वळतो आणि खाली एकदम निळं पाणी येतं. चाचीने समुद्र पन्नास वेळा पाहिला असेल, पण दर वेळी कुणाच्या तरी परसातून, हातात सरबताचा पेला धरून. रस्त्यावरून पाहिलाच नव्हता.

इथेच खरी अडचण होती. महाडहून म्हसळ्याला उतरा, श्रीवर्धनला जा, खाडी ओलांडून बाणकोट, पुढे हर्णै, दाभोळ, कुठेही जा, चाचीचा कुणी ना कुणी तिथे राहतोच. मी स्क्रीनवर नकाशा उघडला आणि ती सांगेल तिथे लाल ठिपके देत गेले. म्हसळ्याला तिची खाला, म्हणजे मावशी. श्रीवर्धनला चाचांचे दोन चुलतभाऊ, एक बाजारात आणि एक बंदराकडे, म्हणजे कुठूनही गेलं तरी सापडणारच. दाभोळला शगुफ्ताचे मामू. आणि बाणकोटला चाचांची फुफी, म्हणजे आत्या. फुफीचं नाव घेताना चाचीचाही आवाज जरा उतरला. फुफीचा एक पुतण्या पूर्वी बाणकोटवरून न थांबता पुढे गेला होता, तर फुफी त्याच्याशी नऊ वर्षं बोलली नव्हती.

तासाभरात नकाशाला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. मी म्हटलं, चाची, तू आपली महाबळेश्वरला जा. पोलादपूरवरून वर चढलीस की संपलं, तिकडे तुमचं कुणी नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नकाशा परत समुद्राकडे सरकवला.

मग तिने आपली योजना सांगितली. मुक्कामाला अशी गावं निवडायची जिथे मोठं देऊळ आहे. पहिला मुक्काम हरिहरेश्वर, दुसरा आंजर्ला, तिसरा गुहागर. तिथे आपलं कोण असणार? आणि मग चिपळूण, खेड करून कशेडीच्या घाटातून पोलादपूर, की घर. तो कागद बघून कुणालाही वाटलं असतं, ही बाई तीर्थयात्रेला निघाली आहे. मधली गावं वेळा साधून पार करायची. म्हसळं दुपारी अडीचला, खाला झोपलेली असते. बाणकोट शुक्रवारी जुम्याच्या वेळेला, सगळे पुरुष मशिदीत. अजमलचाचा तेवढ्यात तिला शोधत दुकानात आले होते. त्यांनी विचारलं, आणि आपली नमाज? ती म्हणाली, मुसाफिराला सवलत आहे.

चाचांना ही सगळी भानगड मान्य नव्हती. आयुष्यभर रस्त्यावर काढलेला माणूस, त्यांना वाटेत ओळखीचं कुणी भेटलं नाही तर चुकल्यासारखं होतं. ते मला समजावल्यासारखं म्हणाले की नातं म्हणजे टोलनाका आहे, भरल्याबिगर पुढे जाता येत नाही. चाचीने मला सांगितलं की गाडी चाचांच्या हातात द्यायची नाही, नातेवाइकाचं घर दिसलं की यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. जुनैदनेही चालवायची नाही, कारण त्याने मागे पोरीजवळ बसायचं. चालक बाहेरचा हवा, आणि त्याचाही समुद्राकडे कुणी नातलग नको.

असा चालक मीच शोधला. कापडे गावचा मुरारी, पोलादपूर स्टँडवर सातसीटर लावतो, लग्नाची वऱ्हाडं ने-आण करतो. तो आला तेव्हा चाचीने त्याला गाडीचं काहीच विचारलं नाही. बहिणी कुठे दिल्यात, सासुरवाडी कुठली, मामाचं गाव कुठलं, एवढंच विचारलं. मुरारी गोंधळून म्हणाला, सगळी माणसं घाटात नाहीतर मुंबईला, समुद्राकडे कोण नाय. तो पास झाला. फेरीबोटीवर गाडी कधी चढवली आहेस का, हे मी विचारलं. त्याने चढवली नव्हती. पण तो म्हणाला की जो आंबेनळीच्या घाटात रोज गाडी चालवतो त्याला पाण्यावर काय अवघड, तिथे तर नुसती उभी करायची.

जुनैद यायला आठवडा उरला, तोवर सगळं जमून आलं होतं. मग चाचीने चूक केली, आणि तीही माझ्या डोळ्यांसमोर.

बागमांडल्याहून वेसवीला खाडी ओलांडायची तर बोटीच्या वेळा हव्यात. मी इंटरनेटवरून काढून दिल्या होत्या. चाचीचा त्यांच्यावर विश्वास बसेना. भरती-ओहोटीचं इंटरनेटला काय कळतं, म्हणाली. ज्याच्या दारावरून बोटीची माणसं जातात त्यालाच विचारायला हवं. आणि तिने सरळ बाणकोटला फुफीला फोन लावला. फुफीचं घर वेसवीहून बाणकोटात शिरणाऱ्या रस्त्यालाच लागून. मी हाताने नको नको करत होते. चाचीने मला डोळ्यांनीच थांबवलं आणि फुफीला म्हणाली, "आमच्या शेजारची सेजल हाय ना, ती पुढच्या शुक्रवारी चाललीय आईला घेऊन फिरायला. तिला बोटीचा टायम होवा होता."

फुफीने वेळ सांगितली. मग विचारलं, पोरगी मासे खाते का? चाची गडबडीत हो म्हणाली. फोन ठेवल्यावर ती खूश होती, कसं काम काढलं बघ असा चेहरा करून माझ्याकडे बघत होती.

तिच्या लक्षात आलं नाही ते असं, की या घराण्यात शेजारची पोरगीही बाहेरची धरत नाहीत. आणि पुरात अकरा माणसं सांभाळली ती गोष्ट दाभोळपर्यंत सगळ्यांना पाठ आहे, त्या अकरांतली मी एक. फुफीने रात्रीतूनच सगळीकडे कळवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हसळ्याच्या खालाचा फोन आला, वाटेत जेवून जायचं, नाही म्हणायचं नाही. दुपारी श्रीवर्धनहून दोन, बाजारातून एक आणि बंदराकडून एक, दोघांनी एकमेकांचं नाव न काढता. तिसऱ्या दिवशी दाभोळचे मामू विचारत होते की आईला पायऱ्या चढवतात का, नाहीतर खालची खोली रिकामी करून ठेवतो. ज्या माणसांना मी जन्मात पाहिलं नव्हतं ती मला बेटा म्हणून मासा कुठला आवडतो ते विचारत होती. माझ्या आईने तर कपाटातून साड्या काढून इस्त्रीला दिल्या.

मी दुकान बंद करून तणतणत चाचीकडे गेले. ओट्यावरूनच बोलायला सुरुवात केली. माझं नाव मला न विचारता वापरलं, माझ्या आईला फिरायला जायचं खूळ भरलं, आणि आता शुक्रवारी सगळा किनारा रस्त्याला डोळे लावून बसणार. त्यातून तुमची गाडी कशी निसटणार, तूच सांग, असं मी म्हटलं.

चाची सुकट निवडत बसली होती. तिचे हात थांबले. इतक्या वर्षांत मी तिला गप्प झालेलं प्रथमच पाहिलं, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. अजमलचाचा आतून आले. त्यांनी हळूच सुचवलं की राहू दे, नेहमीसारख्या दावती करू, फक्त मिस्बाला पुरुषांच्या बैठकीत जुनैदजवळ बसवू. चाचांचं मन वाईट नव्हतं. पण ते ऐकताना चाचीचा चेहरा पडला, तो मला बघवेना. पुढची रजा आणखी दोन वर्षांनी. तोपर्यंत मिस्बा सात वर्षांची होईल, आणि सात वर्षांची पोर एकदा परकी झाली की झालीच. हे तिने बोलून दाखवलं नाही, पण तिघांनाही ते कळत होतं.

शेवटी तिने सुकट निवडायचं सूप बाजूला सारलं, हात धुतले आणि फोन मागितला.

"खोटं बोलले म्हनून अडकले," ती म्हणाली. "आता खरंच बोलते. फुफीशीच बोलते, बाकीचे तिचंच ऐकतात."

चाचा उठून बाहेर जायला लागले. चाचीने त्यांना बसवलं आणि फोन स्पीकरवर टाकला. सलाम झाला, तब्येत झाली. मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. सेजलचं नाव खोटंच घेतलं, जाणार आम्ही आहोत, तुमच्या दारावरून जाणार आहोत आणि थांबणार नाही. का, तेही सांगितलं. मिस्बाने बापाला निरोप कसा दिला ते सांगताना तिचा आवाज फुटला, तरी ती थांबली नाही. "मला चार दिवस द्या फुफी. चार दिवस त्याला कोनी जेवायला बोलवू नका. मग काय रुसायचं ते रुसा."

चाचांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, नऊ वर्षं गेली आता.

मग फुफीचा आवाज आला, म्हातारा, खरखरीत. "माझा मालक जहाजावर होता. तुला म्हायती हाय. चाळीस वर्सं. घरी यायचा तेव्हा पोरं उठून उभी राह्यची, पानी आनून द्यायची, नि बाजूला जाऊन बसायची. लोक म्हनायचे, काय गुनाची पोरं. मला पन बरं वाटायचं गो. तो गेला तेव्हा समजलं. पोरांनी मयत केली, सगळं केलं, पन एक पन पोर धाय मोकलून रडला नाय. पाहुन्यासाठी कोन रडतो?"

फुफी पुढे म्हणाली, "शुक्रवारी मी दार लावून घेते. तुमची गाडी गेल्यावर उघडीन. म्हसळ्यापास्नं दाभोळपर्यंत सगळ्यांना सांगते, कोन हात करनार नाय, कोन फोन करनार नाय. पन ती तुझी सेजल नि तिची आई यायलाच होवी. मी सुरमई सांगून ठेवलीय."

म्हणून जुनैद आल्यावर त्या शुक्रवारी सकाळी मी आणि आई एसटीने निघालो. मंडणगडला गाडी बदलली आणि अकराच्या सुमारास बाणकोटला उतरलो. चाचीची मंडळी आदल्या दिवशीच मुरारीच्या गाडीने पुढे गेली होती. म्हसळं दिवसाढवळ्या पार झालं, श्रीवर्धनच्या बाजारात चाचांचे चुलतभाऊ दुकानात होते ते गाडी बघून पाठमोरे झाले, असं मुरारीने मला फोनवर सांगितलं. चाचांनी म्हणे त्या वेळी डोळे मिटून घेतले होते. मिस्बाबद्दल विचारलं तर तो म्हणाला, पोरगी शांत आहे, विचारलं की उत्तर देते. ते ऐकून वाटलं, म्हणजे अब्बा अजून पाहुणेच.

फुफी ऐंशीच्या पुढची, पण ताठ. जांभ्या दगडाचं घर, पुढे ओटा, लाकडी खिडक्या रस्त्यावर उघडणाऱ्या. तिने आम्हाला बसू दिलं नाही तोच सरबत आलं. आईला तिने हाताला धरून घर दाखवलं, दोघी लगेच गुडघ्यांवर बोलायला लागल्या. तांदळाच्या रोट्या, तळलेली सुरमई, नारळाच्या दुधातलं सांदण, मी किती खाल्लं ते सांगायची लाज वाटते.

साडेबाराला मुरारीचा फोन आला. बोट वेसवीला लागली होती, गाडी उतरत होती. बोटीवर त्याने सगळा वेळ हँडब्रेक घट्ट धरून ठेवला होता, पण हे चाचीला सांगू नको म्हणाला. मी फुफीला खूण केली. ती उठली, पुढचं दार लावून अडसर घातला, मग एकेक करून खिडक्या लावल्या. बाहेरूनही दारं लागल्याचे आवाज येत होते, शेजारचं, समोरचं. भर दुपारी सगळा रस्ता बंद घरांचा झाला. फुफीने एका खिडकीची फळी मात्र बोटभर उघडी ठेवली आणि तिथे खुर्ची ओढली. मी बघत नाय, जरा वारा येऊ दे म्हणून, असं तिने आम्हाला बजावलं. मी तिच्या खांद्यावरून डोळा लावला.

गाडी आली. ती पुढे निघून जाणार एवढ्यात तिच्या खिडकीतून एक मोठी चप्पल बाहेर उडाली आणि फुफीच्या ओट्यासमोर रस्त्यात पडली. मुरारीने ब्रेक मारला.

मागचं दार उघडून जुनैद उतरला. अनवाणी, एका पायावर उड्या मारत, कारण डांबर तापलेलं होतं. त्याच्यामागून मिस्बा उतरली. ओढणी कुठेच नव्हती, केस सुटलेले, तोंड लाल. तिला परत बोटीत बसायचं होतं आणि बापाने उद्या म्हटलं होतं, एवढाच गुन्हा. तिने दोन्ही मुठींनी त्याच्या पायांवर मारायला सुरुवात केली. "अब्बा वाईट हायत! मला आत्ताच जायचंय! मी बोलनार नाय अब्बांशी!" मग ती रस्त्यातच फतकल मारून बसली आणि गळा काढून रडू लागली.

शगुफ्ता घाईने उतरायला गेली. आतून चाचीचा हात आला आणि तिने सुनेला धरून मागे बसवलं. पुढच्या सीटवर चाचा समोर बघत ताठ बसले होते. जुनैदला काय करावं ते कळेना. त्याने आईकडे पाहिलं, आईने मान हलवली नाही. मग तो माणूस त्या तापल्या रस्त्यावर, मुलीला लागून, खाली बसला. मिस्बाने त्याच्याकडे पाठ केली. थोड्या वेळाने रडत रडतच तिने ती पाठ त्याच्या छातीला टेकवली, त्याच्या शर्टाची बाही ओढली आणि त्या बाहीला आपलं नाक पुसलं. जुनैदने तिच्या केसांत तोंड घातलं. त्याचे खांदे हलत होते ते मला खिडकीतून दिसलं.

मी फुफीकडे पाहिलं. ती उठून दाराशी गेली होती. तिचा हात अडसरावर होता. मला वाटलं, आता उघडते. कुणालाही वाटलं असतं, तीन पावलांवर आपलं माणूस उन्हात बसलंय आणि आपल्या घरात थंड सरबत आहे. तिने हात तसाच ठेवला, पण अडसर काढला नाही.

बाहेर चाची गाडीतून उतरली. चप्पल उचलून तिने जुनैदपुढे ठेवली. मग बंद दाराकडे वळली, हात छातीला लावला आणि मान लववली. दाराच्या आतून फुफीनेही तसाच हात छातीला लावला. जुनैद पोरीला उचलून गाडीत बसला, ती अजून पाय झाडत होती, आणि गाडी वेळासच्या दिशेने वळून दिसेनाशी झाली.

माझी आई डोळे पुसत होती. फुफी मात्र दाराला टेकून हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"माझ्या पोरांनी," ती म्हणाली, "बापाची चप्पल कधी फेकली नाय गो."

मग तिने अडसर काढला आणि दार उघडलं.